शब्द सुचवा, पण खालच्या ओळीत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत एक लेख होता. संगणक आणि मोबाइल आपल्याला शब्द सुचवतात, त्यामुळे मराठी माणूस शब्द विसरत चालला आहे, ऱ्हस्व-दीर्घ तर कधीच विसरला, तेव्हा ही सोय सगळ्यांनी बंद करून टाकावी, असं त्यात म्हटलं होतं. लेखकांचा वैताग मला कळतो. मी स्वतः ती सोय बंद केली होती, चांगली पाच महिने. नंतर पुन्हा सुरू केली आणि आज माझं निम्मं काम तिच्या भरवशावर चालतं. मध्ये काय घडलं ते सांगण्यासाठी हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण उदाहरणांतले शब्द आहेत तसेच ठेवा. त्यातले काही मुद्दाम चुकीचे लिहिले आहेत.

मी मुद्रितशोधक. १९८६ साली अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात प्रुफं वाचायला बसले, तेव्हा तिथे खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची, जुळणी चालू होती. आमचे जुळारी खणांकडे न बघता खिळा उचलायचे. काना कुठे, 'र' कुठे, 'त' कुठे, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असायचं, कारण खण जागचा हलत नसे. नेहमीची अक्षरं हाताशी, 'ङ' आणि 'ञ' पार कोपऱ्यात. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मग डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, आलं. त्या काळच्या मराठी फॉन्टची गंमत अशी, की पडद्यावर मराठी दिसायचं आणि संगणकाच्या लेखी आत सगळी इंग्रजी अक्षरं असायची. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की नुसता पाचोळा. असल्या मजकुरातून संगणक मराठी शब्द काय सुचवणार, त्याला तो दिसतच नव्हता. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला आणि खुणेला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले, तेव्हा कुठे हे शक्य झालं. इनस्क्रिप्ट कळफलक मी कुरकुरत शिकले. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची सवय, इथे ती नंतर मारायची. तीन आठवडे माझी प्रत्येक वेलांटी शेजारच्या घरी जात होती.

सध्या मी सगळा मजकूर इमॅक्समध्ये लिहिते. १९८५ पासून चालत आलेला, फुकट मिळणारा हा संपादक मुळात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा. (संपादक म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. तुमच्या खुर्चीला धक्का नाही.) माझी सून हिंजवडीला नोकरी करते, तिचं हे रोजचं हत्यार. आमच्या जुन्या संगणकावर सहाशे पानांची कादंबरी नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची म्हणजे मध्ये चहा होऊन जायचा. इमॅक्समध्ये तोच मजकूर साध्या फाइलमधून झटकन समोर येतो. देवनागरीही नीट दिसते. २०२० साली आलेल्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून त्यात अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ नावाची यंत्रणा करते. नाव फारसीवरून घेतलेलं, हर्फ म्हणजे अक्षर. आमच्या जुळाऱ्यांचीच ही पुढची पिढी.

शब्द सुचवण्यासाठी सुनेने त्यात एक जोड बसवून दिली. तिचं नाव 'कंपनी'. 'कंप्लीट एनिथिंग' याचं ते लघुरूप. आमच्या ह्यांची सगळी हयात पिंपरीच्या कंपनीत गेली, त्यामुळे "आज कंपनी फार त्रास देतेय" असं मी म्हटलं की ते अजून पेपरातून डोकं वर काढतात.

ही कंपनी माझ्याकडे कुठल्या शब्दकोशातून शब्द आणत नाही. उघडलेल्या मजकुरात आधी येऊन गेलेले शब्दच ती धुंडाळते. तीन अक्षरं टाइप झाली आणि हात जरा थबकला, की कर्सरच्या खाली पिवळसर चौकट उघडते आणि तिच्यात दहापर्यंत शब्द उभे राहतात. पहिला शब्द आधीच निवडलेला असतो. एंटर मारला की तो मजकुरात शिरतो.

या एंटरनेच माझा घात केला. एका ज्येष्ठ कवींच्या हस्तलिखित वहीवरून मी कविता टाइप करत होते. एक ओळ 'वाट' या शब्दावर संपत होती. मी 'वाट' लिहिलं, वहीत पुढची ओळ पाहिली आणि एंटर मारला. तेवढ्यात चौकट उघडून बसली होती आणि तिच्यात पहिला शब्द होता 'वाटचाल'. आधीच्या एका कवितेतून आलेला. एंटर त्याच्या कामी गेला, त्यामुळे नवी ओळ सुरूच झाली नाही, पुढची ओळ याच ओळीला चिकटली. चिकटलेली ओळ मी नंतर तोडली. 'वाटचाल' मात्र तशीच राहिली, आणि पहिल्या प्रुफातही माझ्या नजरेतून सुटली. कवींचा फोन आला. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "बाई, माझी साधी वाट होती. तुम्ही तिची वाटचाल केलीत. वृत्तातून बाहेर गेली ती."

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांखाली तांबड्या शाईने रेघा मारलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, ते आपण समजू शकाल. त्या रात्री मी कंपनीला टाळं ठोकलं.

पुढचे पाच महिने 'विद्यार्थ्यांच्यासुद्धा' आणि 'ज्ञानेश्वरीतल्या' असले शब्द मी दिवसातून पन्नासदा अथपासून इतिपर्यंत टाइप केले. उजवं मनगट दुखायला लागलं. दिवाळीत सुनेला सुट्टी होती. मनगटाला पट्टा बांधलेला पाहून ती म्हणाली, "आई, ती चौकट तुम्ही बंद कशाला केलीत? तिने कसं वागायचं ते तिला सांगता येतं."

"तिला सांगता येत असतं तर कवितेत बोलली नसती," मी म्हटलं.

"तुम्ही सांगितलंच कुठे होतं? बसा इथे."

दोन दुपारी आम्ही दोघी बसलो. पहिली दुपार एका प्रश्नातच गेली. 'वाट' माझ्या हिशेबाने दोन अक्षरी शब्द. तीन अक्षरांशिवाय चौकट उघडत नाही म्हणतात, तर मग इथे उघडली कशी? सुनेने कागदावर लिहून दाखवलं. यंत्र अक्षरं मोजत नाही, क्रमांक मोजतं. व, काना, ट, झाले तीन. 'क्ष' हे आपलं एक अक्षर, पण आत क, हलन्ताची खूण आणि ष असे तीन. 'प्र' तीन. 'स्त्री' हे उच्चारायला एकच अक्षर आणि आत चक्क सहा. म्हणजे ज्या प्रोग्रॅममध्ये 'तीन' हा आकडा कुणीतरी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घातला, तिथे मराठी लिहिणाऱ्याने 'प्र' म्हटलं की लगेच दहा शब्द अंगावर येतात, आणि 'स्त्री' लिहिताना तर अक्षर पुरं व्हायच्या आत, 'स्त'वरच. 'मन' लिहिलं तर दोनच क्रमांक, म्हणून ते वाचतं. 'वाट' सापडते. कवींनी ओळ मनावर संपवली असती तर आज हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

आकडा बदलता येतो. पाच करून पाहिला. 'स्त्री' तरीही मध्येच अडकते आणि 'घरात'सारखे शब्द चार क्रमांकांत संपूनही जातात. मराठीत कुठलाही आकडा ठेवा, तो कुणाच्या तरी डोक्यावर आपटतोच. मग मी सांगितलं, आकडा नको आणि थांबलेल्या हाताची वाट पाहणंही नको. मी बोलावेन तेव्हाच ये. सुनेने उशिराच्या जागी 'कधीच नाही' असं लिहिलं आणि एफ ९ ही कळ बोलावण्यासाठी नेमून दिली. एंटरचे अधिकार काढून घेतले. आता एंटर फक्त नवी ओळ करतो. पाच मिनिटांचं काम, त्यासाठी पाच महिने मनगट झिजवलं.

दुसरी दुपार दिसण्यावर गेली आणि ती जास्त रंगली.

चौकट कर्सरखाली उघडते, म्हणजे खालच्या ओळी झाकते. कविता लिहिणाऱ्याला एक वेळ चालेल. प्रूफ वाचणारीची नजर मात्र हातातल्या शब्दाच्या नेहमी एक ओळ पुढे असते, आणि नेमकी तीच ओळ झाकली जाते. त्यात आणखी एक खोट. ही चौकट म्हणजे खरी खिडकी नव्हे. खालच्या ओळींच्या जागी शब्द रंगवून केलेला तो देखावा असतो आणि प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी आहे असं त्यात गृहीत धरलेलं असतं. देवनागरीत 'र' कुठे आणि 'ज्ञ' कुठे! त्यामुळे माझ्या चौकटीची उजवी कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसायची आणि शेजारचा मजकूर पुढेमागे सरकायचा. सुनेने दुसरी एक जोड लावून पाहिली, 'कॉर्फू' नावाची. ती शब्दांची यादी खरोखरच्या छोट्या खिडकीत दाखवते. अशा खिडक्यांची सोय इमॅक्समध्ये २०१८ साली आली. कड सरळ झाली, देखणी झाली. खालची ओळ झाकणं काही थांबलं नाही. देखणेपणासाठी मी तिला ठेवून घेतली नाही.

रंगांचंही सांगते. चौकट फिकट पिवळी, निवडलेला शब्द फिकट निळा, आणि तुम्ही लिहिलेला भाग गडद तांबड्यात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पिवळ्यावरची अक्षरं मला उन्हात धरल्यासारखी दिसतात. आणि तांबडं? आमच्या धंद्यात तांबडं म्हणजे चूक. दर शब्दाची सुरुवात तांबडी दिसली की हात आपोआप काट मारायला उठतो. आम्ही सगळं राखाडी केलं, निवडलेला शब्द तेवढा ठळक. सून म्हणाली, "अगदी सरकारी दिसतंय हो." दिसू दे.

तेवढ्यात तिला एक पर्याय आठवला. इमॅक्सच्या खिडकीत अगदी तळाशी एक ओळ मोकळी असते, 'फाइल साठवली' वगैरे निरोप तिथे उमटतात. सुचवलेले शब्द चौकटीत न दाखवता त्या ओळीत आडवे मांडता येतात. मजकुरावर काहीही येत नाही. हवं असेल तेव्हा नजर खाली न्यायची, नको तर नाही. मी म्हटलं, हेच. आणि त्यातही एक पोटप्रकार निघाला. सगळ्या शब्दांत सारखा असलेला सुरुवातीचा भाग गाळून नुसतं पुढचं वेगळेपण दाखवायचं.

हा पोटप्रकार ज्याने केला त्याच्या मनात मराठी असणं शक्य नाही, पण मराठीला तो मापाने शिवल्यासारखा बसला. कारण सांगते. आपल्या भाषेत एकेका नामाला वीस-वीस रूपं. दहा शब्दांची चौकट 'पुण्याला, पुण्यात, पुण्याहून, पुण्याचा, पुण्याची, पुण्याचे, पुण्याच्या, पुण्यातला, पुण्यातली, पुण्यातल्या' इथेच भरते आणि तुम्हाला हवा असलेला शब्द अकरावा असतो. वारीवरच्या एका पुस्तकात तर त्यांच्यात 'पुण्याई' येऊन बसली होती. पुण्यात राहण्याचा आणि पुण्य लागण्याचा संबंध यंत्राला कुणी सांगितला कोण जाणे.

आता माझी पद्धत अशी. 'माणस' एवढं लिहायचं आणि एफ ९ दाबायची. पहिल्या दाबाला ती सगळ्या शब्दांतला सामाईक भाग तेवढा पुरा करते, म्हणजे 'माणसा'. शाळेत ज्याला सामान्यरूप म्हणून शिकवलं, तेच. आणि तळाच्या ओळीत उरलेले प्रत्यय दिसतात: चा, त, ने, ला. प्रत्यय मी हाताने लिहिते. तो एक-दोन कळांचा असतो, त्यासाठी कुणाची मदत कशाला हवी? शब्दाचा लांब, बोटं मोडणारा भाग यंत्राने लिहायचा आणि वाक्याचा अर्थ ज्याच्यावर फिरतो तो प्रत्यय मी. 'माणूस' लिहून चालत नाही हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. मधला 'णू' सामान्यरूपात 'ण' होतो, त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने 'माणूस' आणि 'माणसाला' यांचं नातं 'माण'पाशीच तुटतं. याला लेखक महाशय स्मरणशक्ती बिघडवणं म्हणणार असतील तर म्हणोत. मला तर चौथीतलं व्याकरण रोज आठवायला लागलं आहे.

क्रमाचाही एक पर्याय होता. जो शब्द नुकताच जवळपास येऊन गेला तो आधी, असं करता येतं. चार दिवस वापरलं आणि सोडलं. दर वेळी यादी वेगळी, दर वेळी वाचायला लागते. मला आमचे जुळारी आठवले. खण रोज हलवले असते तर त्यांनी खिळे जुळवायची स्टिक मालकाच्या तोंडावर फेकली असती. मी क्रम सरळ अकारविल्हे ठेवला. आता काय कुठे येणार हे साधारण माहीत असतं.

इथपर्यंत सगळं टाइप करण्याबद्दल झालं. मी या सोयीच्या प्रेमात पडले ते दुसऱ्याच कारणाने. हस्तलिखित पुरं टाइप झालं की मी काही ठरलेल्या सुरुवाती लिहून एफ ९ दाबत सुटते आणि तळाची ओळ बघते. सामाईक भाग गाळलेला असल्यामुळे फरक तेवढा नागवा समोर येतो. 'पारंप' लिहिलं आणि खाली 'रिक' आणि 'ारिक' असे दोन तुकडे आले, की समजायचं, लेखकाने कुठे 'पारंपरिक' लिहिलं आहे आणि कुठे 'पारंपारिक'. 'उज्ज्वल' आणि 'उज्वल', 'तज्ज्ञ' आणि 'तज्ञ', 'कोट्यधीश' आणि 'कोट्याधीश', सगळे असेच जोडीने सापडतात. 'आश' लिहिल्यावर एक पहिली वेलांटी आणि एक दुसरी वेलांटी, अक्षराशिवाय लटकलेल्या, शेजारी शेजारी दिसल्या की पुस्तकात 'आशिर्वाद' आणि 'आशीर्वाद' दोन्ही आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, मला पाठ आहेत, पण चारशे पानांत एकच लेखक दोन प्रकारे कुठे लिहितो ते शोधायला नियम उपयोगी पडत नाहीत. नजर दमते. तळाची ओळ दमत नाही.

एक चमत्कारिक गोष्टही तिथेच सापडली. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे दोन शब्द यादीत वेगवेगळे येत होते आणि पडद्यावर त्यांच्यात केसाचाही फरक नव्हता. मी चष्मा पुसला, मग भिंग आणलं. सुनेने आतले क्रमांक काढून दाखवले. एका ठिकाणी मराठीचा खास 'ऱ' आहे, दुसऱ्या ठिकाणी साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. दोन्ही रीती युनिकोडला मान्य. लेखक एका कळफलकावर लिहितो, त्याची मुलगी दुसऱ्यावर, म्हणून एकाच पुस्तकात दोन्ही येतात. 'ॲ'चं तेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला, त्याआधी लोक 'अ' आणि चंद्र जोडून 'अ‍ॅ' करत, अजूनही करतात. छापल्यावर कुणाला कळणार नाही, हे खरं. पण 'दुसऱ्या' शोधून बदलायला सांगितलं तर यंत्र निम्म्या जागा सोडून देतं आणि ते आपल्याला सांगतही नाही. आपल्या दैनिकाच्या जुन्या अंकांत शोध घेताना काही बातम्या सापडत नाहीत असा माझा अनुभव आहे. त्याचं कारण कदाचित इथे असेल.

चुका अजूनही होतात. मध्यंतरी दोन कादंबऱ्या एकाच वेळी उघड्या होत्या. एकीत वसुंधरा, दुसरीत वसुमती. कंपनी सगळ्या उघड्या फाइलींतून शब्द आणत होती. 'वसु' लिहून मी रात्री अकरा वाजता 'मती' उचलली आणि एका कादंबरीची नायिका दुसरीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. सकाळी ताज्या डोळ्यांना दिसलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून शोध फक्त समोरच्या फाइलीपुरता ठेवला आहे. आणि लेखकच सगळीकडे 'आशिर्वाद' लिहीत असेल तर कंपनीही इमानाने तोच सुचवते, हे कबूल करते. तिला शुद्धलेखन येत नाही. तिला फक्त आपण काय लिहिलं ते आठवतं.

मोबाइलबद्दल आपल्या लेखकांचं बरोबर असेल. मी त्यावर 'हो', 'नको' आणि 'भाजी आणली' यापलीकडे काही लिहीत नाही, त्यामुळे माझं मत विचारात घेऊ नये. पण संगणकावर लिहिणाऱ्यांना 'बंद करा' असा एका शब्दाचा सल्ला देण्याआधी, केव्हा दिसावं, कुठे दिसावं, किती दिसावं आणि कोणत्या कळेने आत यावं, हे चारही आपल्याला ठरवता येतं, एवढं तरी लेखात यायला हवं होतं. मीही ते कुणी सांगेपर्यंत शोधलं नव्हतं, म्हणून रागावण्याचा मला फारसा हक्क नाही.

आणि हक्क नसताना एक विनंती. परवाच्या अंकात दुसऱ्या पानावर 'हिंजवडी' होती, सहाव्या पानावर 'हिंजेवाडी' आणि छोट्या जाहिरातींत 'हिंजवाडी'. माझी सून रोज नेमकी कुठे जाते, असा आमच्या घरी प्रश्न पडला आहे. आपल्या कार्यालयात बातम्या कोणत्या प्रोग्रॅममध्ये लिहितात मला माहीत नाही, पण संपूर्ण अंकाचा मजकूर एका फाइलीत ओतून 'हिंज' लिहून पाहिलं तर तळाच्या ओळीत सगळं दिसेल. जमत नसेल तर मजकूर पेन ड्राइव्हवर पाठवा, मी करून देईन. दुपारी मी घरीच असते.

माझं नाव छापू नये. ज्यांच्या पुस्तकांतल्या जोड्या वर दिल्या आहेत ते लेखक आपलेच वाचक आहेत.

आपली,

एक मुद्रितशोधक

सदाशिव पेठ, पुणे ३०

ता. क. : हे पत्र इमॅक्समध्येच लिहिलं. शेवटी आपल्या अंकाला आशीर्वाद द्यावेत म्हणून 'आश' लिहून एफ ९ दाबली, तर खाली पहिली वेलांटी आधी आणि दुसरी नंतर. यंत्राचा दोष नाही. चुकीचा शब्द उदाहरणादाखल मीच वर दोनदा लिहून ठेवला आहे आणि अकारविल्हे लावल्यावर ऱ्हस्व आधीच येणार. आशीर्वाद हाताने लिहिला आहे.